जास्वंदीवरचं पीठ

खांदेश्वर स्टेशनवरून हॉस्टेलकडे चालत येताना वाटेत किती जास्वंदी लागतात, कधी मोजल्यात का? सिडकोने आखलेल्या या खांदा कॉलनीत बहुतेक प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी एक तरी असतेच. गणपतीला लाल फूल लागतं, फांदी खोचली की जगते, चार दिवस पाणी घालायला विसरलं तरी रुसत नाही. त्यामुळे जास्वंद सगळ्यांची लाडकी. पण दिवाळी उलटली की याच झाडांच्या शेंड्यांकडे जरा जवळून बघा. कोवळी पानं आवळून गोळा झालेली, कळ्या न उमलताच गळालेल्या, आणि फांदीच्या बेचक्यात कणकेचा हात पुसावा तसं पांढरं काहीतरी. खालच्या पानांवर चिकट थर, त्या थरावर काजळी, आणि खोडावरून मुंग्यांची अखंड ये-जा.

ते पांढरं म्हणजे पीठ नाही आणि बुरशीही नाही. ते कीटक आहेत. आम्ही शाळेत 'मिलीबग' एवढंच शिकलो होतो. 'पिठ्या ढेकूण' हे नाव मला आपल्या माळीकाकांकडून कळलं, आणि खरं सांगते, मराठी नाव कितीतरी सरस आहे. दिसतो कसा ते 'पिठ्या'मध्ये आलं आणि करतो काय ते 'ढेकूण'मध्ये! हॉस्टेलवाल्यांना दुसरा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

हा ढेकूण झाडाचं रक्त पितो म्हणजे नेमकं काय करतो, ते आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना जास्त आवडेल. झाडात दोन पाइपलाइन असतात. एक मुळांकडून पाणी वर नेते, तिला झायलेम म्हणतात. दुसरी पानांत तयार झालेली साखर बाकीच्या झाडाला पोचवते, ती फ्लोएम. या दुसऱ्या लाइनमधलं प्रेशर साधारण १० बारच्या आसपास असतं. कारच्या टायरमध्ये आपण २ बारच्या थोडी वर हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. म्हणजे किडीला रस ओढायची फारशी मेहनतच नाही. सुई बरोबर लाइनमध्ये टोचली की काम झालं, माल आपोआप वर येतो. ही सुई तरी किती नामी! केसापेक्षा बारीक असे चार धागे एकमेकांत खाचा बसवून जोडलेले आणि त्यांच्या मध्ये दोन नळ्या. एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो.

आता प्रॉब्लेम असा, की या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं बनवायला लागणारा नायट्रोजन अगदी थोडा. पुरेसा नायट्रोजन मिळवायचा तर रस ढोसत राहावा लागतो, आणि जादा साखर-पाणी बाहेर टाकावं लागतं. रस पिणाऱ्या बऱ्याच कीटकांच्या आतड्यात तर सरळ बायपास लाइन असते, जादा पाणी पचनाच्या मुख्य भागात न जाता शॉर्टकटने मागे जातं. बाहेर पडलेलं हे गोड पाणी म्हणजेच पानांवरचा तो चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, पानावर काळा पडदा पडतो आणि झाडाचं अन्न तयार करणंच मंदावतं. म्हणजे नुकसान दुहेरी. मुंग्या येतात त्या याच गोड पाण्यासाठी, आणि त्याच्या बदल्यात ढेकणांवर चालून येणाऱ्या शत्रूंना हुसकावून लावतात. पगारी वॉचमनच म्हणा ना.

जास्वंदीवर आपल्याकडे सर्रास दिसतो त्याचं शास्त्रीय नाव फेनाकोकस सोलेनॉप्सिस. पाठीवर पांढऱ्या पिठातून डोकावणारे काळे ठिपके ही त्याची ओळख. हा मूळचा इथला नाही. १८९८ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको भागातून त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यानंतर शंभरेक वर्षं आपल्याकडे त्याचं नावही कुणी घेत नव्हतं. २००५च्या सुमारास पाकिस्तान आणि भारतात कपाशीवर तो मोठ्या प्रमाणावर दिसू लागला आणि दोन-तीन हंगामांत गुजरात, पंजाब, महाराष्ट्र असा सगळीकडे पसरला. कपाशी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, भेंडीही त्यातलीच. त्यामुळे शेतातला पाहुणा बागेत यायला वेळ लागला नाही. शिवाय मध्ये मुक्कामाला काँग्रेस गवत होतंच. ते गवतही परदेशीच, आणि भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५५च्या सुमाराची, आपल्या पुण्याची! सिडकोच्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर जे कमरेएवढं माजतं, त्याच्या देठाशी वाकून बघा. जास्वंदीवर फवारणी झाली तरी महिन्याभरात ढेकूण परत कुठून येतो, याचं निम्मं उत्तर कुंपणापलीकडच्या त्या प्लॉटवर आहे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर 'परदेशी ते वाईट' असा सूर लागायचा. आपल्या कॅम्पसमधली बोगनवेल, ड्युरांटा, चाफा हे सगळे अमेरिका खंडातून आलेले आहेत. क्रोटन पूर्वेकडच्या बेटांवरून आला. त्यांच्याशी आपलं काही भांडण नाही. भांडण आहे ते एकट्याने आलेल्या किडीशी. प्रत्येक कीटकाला त्याच्या मूळ गावी खाणारे, पोखरणारे, आजारी पाडणारे शत्रू असतात. कुंडीतून किंवा कलमाच्या जुडीतून प्रवास करताना कीड येते, शत्रू मागे राहतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर प्लांट आला आणि फीडबॅक लूप घरीच विसरला.

फीडबॅक नसला की काय होतं त्याचं एक कच्चं गणित करू. सोलेनॉप्सिसची मादी कापसासारख्या पिशवीत काही शे अंडी घालते आणि उबदार हवेत एक पिढी साधारण महिन्यात पूर्ण होते. आपण २०० पिल्लं धरू. त्यातली ९५ टक्के वाऱ्याने, पावसाने, उपासमारीने मेली असं समजू. उरली १०. सोयीसाठी सगळ्या माद्या मानू. म्हणजे दर महिन्याला दसपट. डिसेंबरात एक मादी असेल, तर जूनच्या तोंडावर १० लाख. प्रत्यक्षात जागा आणि रस आधीच संपतो म्हणून एवढे होत नाहीत, पण ९५ टक्के मरूनही ही अवस्था आहे हे लक्षात घ्या. पनवेलचा पाऊस जोरदार असतो, तो बरीच पिल्लं धुऊन नेतो. म्हणून पावसाळ्यात झाडं बरी दिसतात आणि आपल्या परीक्षांच्या दिवसांत, कोरड्या हवेत, हा प्रकार डोकं वर काढतो.

आता फवारणीकडे येते, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे. आपल्या कॅम्पसमध्ये पाठीला पंप लावून ठराविक दिवसांनी सरसकट फवारणी होते. जास्वंदीच्या कुंपणाला लागूनच कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत, मेसची खिडकी आहे. मुलींच्या हॉस्टेलमध्ये रविवारी जास्वंदीची पानं वाटून केसांना लावतात, ती पानं कुठून येतात ते मी सांगायला नको. फुलांवर शिंजीर पक्षी मध प्यायला येतो, तोही त्याच झाडावर. एवढं सगळं सोसून ढेकूण मरत असता तर एकवेळ बोलले नसते. पण त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, पाणी त्यावरून ओघळतं. अंडी पिशवीत सुरक्षित. बरेचसे बेचक्यात आणि आवळलेल्या पानांत दडलेले. औषध पुरतं लागतं ते उघड्यावर फिरणाऱ्यांना, आणि उघड्यावर फिरणारे बहुतेक त्याचे शत्रू असतात!

हा काही माझा शोध नाही. कीटकशास्त्रात याचा एक प्रसिद्ध धडा आहे. १८६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून एक पांढरी खवले कीड कॅलिफोर्नियात पोचली आणि पुढच्या वीस वर्षांत तिने संत्र्या-लिंबांच्या बागा उजाड करायला घेतल्या. १८८८ साली आल्बर्ट कबेल नावाच्या माणसाला ऑस्ट्रेलियात पाठवलं गेलं. तिथे ही कीड खाणारा छोटासा लाल-काळा ढालकिडा त्याला सापडला, व्हेडेलिया. त्याने सुरुवातीला पाठवलेले ढालकिडे सव्वाशेच्या आसपास भरतील. दोन वर्षांच्या आत बागा सावरल्या. हीच कीड १९२०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या निलगिरीत वॉटलच्या झाडांवर आली, तेव्हा इथेही व्हेडेलियाच आणला गेला. पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि पन्नासेक वर्षं दबून राहिलेली ती कीड पुन्हा उसळली. डीडीटीने ढालकिडा मेला होता.

एम-थ्री पास झालेल्यांसाठी यामागचं गणितही आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी कमी झाली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. असं का व्हावं, हा प्रश्न दांकोना या प्राणिशास्त्रज्ञाने गणिती व्हिटो व्होल्टेरा यांना घातला. १९२६मध्ये व्होल्टेरा यांनी शिकार आणि शिकारी यांची दोन डिफरन्शियल इक्वेशन्स मांडली. त्यातून निघतं ते असं, की दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिलं तर शिकाऱ्याची सरासरी संख्या घटते आणि शिकारीची वाढते. मासे काढून ढेकूण ठेवा, शार्क काढून त्याचा शत्रू ठेवा, जाळं काढून पंप ठेवा. इक्वेशन तेच. पंप जितका जोरात तितका, सरासरीने, ढेकूण जास्त. मॉडेल फार साधं आहे आणि खरी बाग त्यापेक्षा गुंतागुंतीची असते हे मान्य, पण कॅलिफोर्नियाच्या बागांनी त्याच दिशेने कौल दिला.

मग आपल्या ढेकणाचा शत्रू कोण? तो आहे, आणि त्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. कपाशीवर ढेकणाचा कहर चालू असतानाच त्याच्या अंगातून बाहेर पडणारी एक काळी, दोन मिलिमीटरसुद्धा नसलेली गांधीलमाशी शास्त्रज्ञांना ठिकठिकाणी दिसू लागली. ती कुणी मुद्दाम आणून सोडली नव्हती, आपल्या आपणच आली होती. २००९मध्ये मोहम्मद हयात यांनी तिचं नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं आणि नाव दिलं एनासियस बंबावालेई. बंबावाले म्हणजे आपलं मराठी आडनावच! त्या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे संचालक असलेल्या डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्यावरून हे नाव पडलं. पुढे काही वर्षांनी लक्षात आलं, की अमेरिकेत १९१५मध्येच वर्णन झालेली एनासियस ॲरिझोनेन्सिस ती हीच. नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं, बंबावाले गेले. मला जरा वाईट वाटलं. पण यातून कळलं ते महत्त्वाचं: मागे राहिलेला शत्रूही आपल्या शिकारीच्या मागोमाग समुद्र ओलांडून आला होता.

ही गांधीलमाशी आपल्याला चावत नाही. ती ढेकणाच्या पिल्लाच्या अंगात एक अंडं घालते. आतली अळी ढेकणाला आतून खाते. तो फुगतो, कडक होतो, तपकिरी पडतो, एखाद्या चिमुकल्या पिंपासारखा. शेवटी त्याच्या एका टोकाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. पांढऱ्या कापसात असे तपकिरी कडक दाणे दिसले, की समजावं फीडबॅक लूप चालू आहे. अशा फांदीवर औषध मारणं म्हणजे आपल्याच गोलकीपरला रेड कार्ड दाखवणं.

जास्वंदीकडून आता जरा वर बघू, नारळाकडे. कॉलनीतल्या नारळांच्या झावळ्या आणि खालची कर्दळ, देशी बदाम, पेरू यांच्या पानांच्या खालच्या बाजूला पांढरी गोल-गोल नक्षी दिसली, तर ती पांढरी माशी. आपल्याकडे तिचे दोन नातेवाईक परदेशातून आले. चक्राकार पांढरी माशी १९९३मध्ये केरळात सापडली. तिची मोठी बहीण, रुगोज चक्राकार पांढरी माशी, २००४मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलिझमधून वर्णन झालेली, २००९मध्ये फ्लोरिडात दिसलेली, ती २०१६मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळांवर उतरली. आंध्रात सुरुवातीला ज्या भागांत ती दिसली त्यात कडियमचा परिसर होता. कडियम म्हणजे देशभर शोभेची रोपं पुरवणारं नर्सऱ्यांचं गाव. तिथून ट्रक सगळीकडे जातात, मग कीड का मागे राहील? पुढच्या काही वर्षांत आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या नारळांवरही ती पोचली.

तिच्यावर उपाय म्हणून काय सापडलं? आधीच्या चक्राकार माशीवर जगणारी एन्कार्सिया ग्वाडेलूपी नावाची गांधीलमाशी देशात अगोदरच होती. तिने नवी शिकार आनंदाने स्वीकारली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना सांगितलं ते मुख्यतः हेच, की रासायनिक औषध मारू नका, या माशीला काम करू द्या, फार झालं तर कडुलिंबाचं तेल वापरा. आणि इथे ओळखायची एक छान युक्ती आहे. पानाखाली पांढऱ्या माशीचे रिकामे कोष असतात. कोषाला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असेल तर त्यातून पांढरी माशीच सुखरूप बाहेर पडली. गोल भोक असेल तर गांधीलमाशी. चीर म्हणजे त्यांचा रन, भोक म्हणजे आपली विकेट! मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे साधं भिंग धरलं तरी हे बऱ्यापैकी दिसतं.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची कथा तर सरकारी कामाबद्दल आदर वाटावा अशी आहे. मूळचा मेक्सिकोचा, २००८मध्ये कोइम्बतूरला सापडलेला, पुढच्या दोनेक वर्षांत पुण्याकडेही आलेला. जास्वंद आणि चाफाही त्याला चालतात. २०१०मध्ये त्याचे तीन परोपजीवी शत्रू पोर्तो रिकोहून रीतसर परवानगी काढून, तपासून आणले आणि सोडले. थोड्याच काळात पपई आणि तुतीच्या बागा सावरल्या.

सगळीकडे असा आनंद नाही. मागच्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या रस्त्यांवरचे मोठमोठे पर्जन्यवृक्ष सुकले, तेव्हा पिठ्या ढेकूण हे एक कारण सांगितलं गेलं आणि बुंध्याभोवती आवळलेलं काँक्रीट हे दुसरं. एवढ्या उंच झाडाला कुणी भिंग लावायला जात नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खांदा कॉलनीतही बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायची हौस काही कमी नाही.

तर हॉस्टेलमध्ये काय करता येईल? पहिलं म्हणजे पंप उचलण्यापूर्वी फांदी बघणं. जास्वंदीचे दहा शेंडे निवडायचे, पांढरे ढेकूण आणि तपकिरी कडक दाणे वेगळे मोजायचे, तारीख घालून लिहून ठेवायचं. पंधरा दिवसांनी त्याच झाडावर पुन्हा. तपकिरी वाढत असतील तर हात लावायचा नाही. वाढत नसतील आणि झाड आवळत असेल, तर ते शेंडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे, उघडे कचऱ्यात टाकायचे नाहीत, कारण रांगणारी पिल्लं वाऱ्यावरसुद्धा पसरतात. मात्र त्यातले तपकिरी दाणे असलेले तुकडे निवडून झाडाखालीच ठेवायचे. उरलेल्यांवर पाइपने पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. तरीही गरज पडली तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, त्यात थोडा साबण, संध्याकाळच्या वेळी, फक्त लागण झालेल्या भागावर. मुंग्या खोडावरून चढतात त्या जागी ग्रीसचा पट्टा ओढलेली कापडी पट्टी बांधली, की वॉचमनची ड्युटी बंद. ग्रीस वर्कशॉपमध्ये मुबलक आहे, हे सरांना वेगळं सांगायला नको.

आणि जूनमध्ये वृक्षारोपणाच्या नावाने टेम्पो भरून रोपं येतात, त्यांचं काय? देशाच्या पातळीवर परदेशी रोपं तपासण्यासाठी २००३चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे, जेएनपीटीसारख्या बंदरात तपासणी होते. पण एका राज्यातल्या नर्सरीतून दुसऱ्या राज्यातल्या हॉस्टेलच्या गेटपर्यंत येणारी कुंडी वाटेत कुणी उलटी करून बघत नाही. ती आपणच बघायची. वर्कशॉपच्या मागची सावलीची जागा त्यासाठी योग्य आहे, कारण जवळपास जास्वंद नाही. नवीन रोपं तिथे तीन-चार आठवडे वेगळी ठेवायची, म्हणजे एखाद-दुसरं पिल्लू आलं असेल तर तेवढ्यात नजरेला येण्याइतकं मोठं होतं. पानाची खालची बाजू, बेचकं, आणि कुंडीच्या कडेखालची खाच, एवढ्या तीन जागा बघितल्या तरी पुष्कळ झालं. भिंग ड्रॉइंग हॉलच्या कपाटात आहे, चावी लॅब असिस्टंट काकांकडे मिळते.